थीसिसचं डिझाइन निवडताना

अगोदर प्रश्न एका वाक्यात लिही, डिझाइनचं (अभ्यास कोणत्या पद्धतीनं करायचा, त्याचं) नाव मग. सगळे उलटं करतात, तिथंच घोळ होतो.

आपल्या नागपूरचंच घे. तपासलेल्या मुलांत सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) किती, एवढंच पाहायचं तर क्रॉस-सेक्शनल, म्हणजे एकाच वेळी केलेली पाहणी, पुरे. मे महिन्यात उन्हात राबणाऱ्यांपैकी काहींनाच उष्माघात का झाला, हे मागे जाऊन शोधायचं तर केस-कंट्रोल, म्हणजे आजार झालेल्यांची न झालेल्यांशी तुलना. कंट्रोलही (आजार न झालेले) त्याच साइटवरचे मजूर घे, एसीत बसणारे क्लार्क नकोत. (मी घेतले होते, गाइडनं पानभर लाल रेघा मारल्या.)

कोहॉर्टला, म्हणजे एका गटावर पुढे बराच काळ लक्ष ठेवायला, वेळ लागतो. आरसीटीच्या (चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडून उपचार तपासण्याच्या) नादी आत्ता लागूच नको.

- क्रॉस-सेक्शनलवरून ‘यामुळे ते झालं’ लिहू नको.
- एथिक्स कमिटीच्या मंजुरीआधी एकही फॉर्म भरून घेऊ नको.