थिसिसला 'चाळ संस्कृती' चालेल का?

प्रश्न : ताई, मी ठाण्याला बी.आर्क.च्या चौथ्या वर्षाला आहे. थिसिससाठी 'मुंबईची चाळ संस्कृती आणि बीडीडी चाळी' असा विषय दिला तर गाईड म्हणाले फार पसरट आहे, आणि सोर्स सगळे वेबसाइटचे म्हणून सिनॉप्सिस परत केला. संदर्भांच्या ४० नोंदी दिल्यात तरी कमी कशा? विषय बदलू का? (सिनॉप्सिस सोबत पाठवतेय.)

उत्तर : विषय नको गं बदलू, लहान कर. सिनॉप्सिस वाचला. तिसऱ्याच ओळीत लिहिलंयस की बीडीडीत, म्हणजे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटच्या चाळींत, अंगणाभोवती लांब गॅलऱ्या आहेत आणि तिथे शेजार जमतो. अगं, बीडीडीत गॅलरी कुठाय? मधून अंधारा पॅसेज, दोन्ही बाजूला खोल्या, मजल्याला २०, तळमजला धरून चार मजले म्हणजे एका बिल्डिंगला ८०. संडास मजल्यावर सामायिक. गॅलरीवाली चाळ गिरगावातली, तिचं वर्णन कोणीतरी बीडीडीला चिकटवलं, पुढच्याने कॉपी मारली आणि ते फिरत फिरत तुझ्यापर्यंत आलं. तेव्हा त्या ४० नोंदींपैकी स्वतः चाळीत जाऊन आलेल्यांच्या किती ते आधी मोज.

आता विषय. वरळीत २०२५ साली बीडीडीतल्या पहिल्या काही कुटुंबांना पुनर्विकासात बांधलेल्या टॉवरमधल्या ५०० चौरस फुटी घरांच्या चाव्या मिळाल्या. आधीची खोली १६० चौरस फुटांची, त्यामुळे अर्धा संसार पॅसेजमध्ये यायचा, पाण्याचं पिंप, चपलांचा रॅक, दुपारी भाजी निवडत बसणाऱ्या बायका. हे सगळं लिफ्ट लॉबीत आलं, की दाराआड गेलं, की बंदच झालं? एवढाच प्रश्न घे, वर्षभर पुरेल.

सोर्सचं म्हणशील तर या चाळी १९२०च्या दशकात सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधल्या, म्हणजे कागद सरकारी. कॉलेजचं पत्र घेऊन मुंबईच्या पुराभिलेखागारात अर्ज टाक, हवी ती फाईल लगेच हातात पडेल असं मात्र धरून चालू नकोस. पीएच.डी.चे प्रबंध शोधगंगा या वेबसाइटवर बघ. आर्चडेली या आर्किटेक्चरच्या वेबसाइटवरून प्लॅन घेतलास तर हरकत नाही पण 'रहिवाशांत आपुलकी वाढली' छाप वाक्य तिथून उचलू नकोस, तो मजकूर बहुतेकदा आर्किटेक्टच्या ऑफिसनेच पाठवलेला असतो. (ज्युरीत, म्हणजे परीक्षकांसमोर काम मांडताना, हे वाक्य ऐकलं की माझं डोकंच फिरतं.)

आणि तू टेप लावून काढलेलं ड्रॉइंग हासुद्धा सोर्सच, फक्त तसं लिही ना! शीटवर तारीख टाक, कुठलं माप घेतलं आणि कुठलं नजरेने धरलं ते वेगळ्या रेषेने दाखव. लोकांशी बोलशील तेव्हा आधी विचारून घे, नाव आणि खोली नंबर छापू नकोस.

पाडकाम चालू आहे, आज उभी असलेली बिल्डिंग तुझ्या फायनल ज्युरीपर्यंत राहीलच असं नाही. त्यामुळे आधी मापं घेऊन ये, सिनॉप्सिस मग लिही.