झोम्बी गेममध्ये कधीच सोडता न येणारे कौशल्य असावे का? (ब्रेन रॉटविषयी उत्तर)

तुम्ही आणि तुमचे मित्र ब्राउझरवर चालणारा झोम्बींचा सर्व्हायव्हल गेम तयार करत आहात. तुम्ही विचारले आहे की, अर्बन डेड या ऑनलाइन गेममधल्या ‘ब्रेन रॉट’सारखे (झोम्बी झालेल्या पात्राला सिरिंजने पुन्हा माणूस करणे रोखणारे), एकदा घेतले की कधीच सोडता न येणारे कौशल्य त्यात ठेवावे, की तीस दिवसांनी ते काढून टाकण्याची सोय द्यावी. माझे मत असे आहे की ते कौशल्य ठेवावे आणि काढून टाकण्याची सोय अजिबात देऊ नये. हे मत मी ज्या कौशल्याविषयी देत आहे ते मी स्वतः सप्टेंबर 2007 मध्ये घेतले होते आणि त्यावरून माझा एका जवळच्या माणसाशी जो वाद झाला तो आजही मिटलेला नाही, म्हणून उत्तर थोडे लांबणार आहे.

त्या वेळी मी सदाशिव पेठेत एका वाड्यातल्या खोलीत कॉट बेसिसवर राहत होतो. खोलीत आम्ही चौघे होतो आणि त्यांतला वयाने मोठा, हिंजवडीला नोकरीला असलेला जो होता त्याला आम्ही सगळे अण्णा म्हणत असू. अर्बन डेड त्यानेच आम्हाला दाखवला. एका इंग्रज माणसाने, केव्हन डेव्हिसने, 2005 च्या जुलैमध्ये सुरू केलेला हा गेम पूर्णपणे मजकुरावर चालत असे. माल्टन नावाचे क्वारंटाइनमध्ये अडकलेले शहर, त्याची शंभर उपनगरे, दहा हजार चौकोन, आणि प्रत्येक पात्राला जास्तीत जास्त 50 अ‍ॅक्शन पॉइंट (कृती करायला लागणारे गुण), जे अर्ध्या तासाला एक या गतीने भरून येत. म्हणजे दिवसातून दहा-पंधरा मिनिटे खेळायचे आणि उरलेला दिवस आपल्या पात्राचे काय होत असेल याची काळजी करायची. शिवाय एकाच कनेक्शनवरून जवळजवळची पात्रे खेळवली की गेमला लबाडीचा संशय येत असे, त्यामुळे अण्णा ऑफिसमधून खेळे आणि मी अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका सायबर कॅफेत तासाचे 15 रुपये देऊन खेळत असे.

गेममध्ये मी डॉक्टर होतो. दोन वर्षांच्या त्या खेळण्यात मी बंदूक जवळजवळ चालवली नाही. सर्जरीचे कौशल्य घेऊन, जनरेटर चालू असलेल्या रुग्णालयात उभा राहून मी लोकांच्या जखमा बांधल्या, आणि ज्यांना झोम्बीच्या चाव्याने संसर्ग झाला आहे, म्हणजे ज्यांचा प्रत्येक कृतीला एक हिट पॉइंट, म्हणजे जीव मोजणारा गुण, गळतो आहे, त्यांना आधी शोधून बरे केले. हे काम मला मनापासून आवडत होते. अण्णा आमच्या गटाचे बॅरिकेड सांभाळत असे.

गणपती बसण्याच्या आदल्या रात्री मी शेजारच्या भागातून परत येत असताना माझ्याकडे दोनच पॉइंट उरले होते. आमच्या इमारतीचे बॅरिकेड नेहमी इतपतच ठेवायचे असे ठरले होते की बाहेरच्या माणसाला आत शिरता यावे. त्या संध्याकाळी अण्णाने घाईघाईत ते शेवटच्या पायरीपर्यंत चढवले होते. त्या पायरीवर रस्त्यावरून कोणालाही आत जाता येत नाही. शेजारच्या इमारतीतून फ्री रनिंग करून, म्हणजे रस्त्यावर न उतरता थेट, जावे लागते आणि तेवढे पॉइंट माझ्याकडे नव्हते. मी दाराबाहेर झोपलो. सकाळी कॅफेत येऊन पाहिले तर मी मेलेलो होतो.

माल्टनमध्ये मरण हा शेवट नव्हता, हे तुम्हाला माहीत असेलच. मेलेला माणूस झोम्बी होऊन उठतो आणि नेक्रोटेक या गेममधल्या कंपनीची सिरिंज टोचली की पुन्हा माणूस होतो. त्यासाठी ठरलेल्या दफनभूमीत जाऊन उभे राहायचे आणि ‘म्ऱ्ह?’ असे म्हणत वाट पाहायची, अशी रीत होती. मी तिथे गेलो. झोम्बीला बोलता येण्यासाठी ‘डेथ रॅटल’ नावाचे कौशल्य लागते आणि ते घेतले तरी रोमन लिपीतली आठच अक्षरे उमटतात: ए, बी, जी, एच, एम, एन, आर आणि झेड. इंग्रज खेळाडूंनी त्या आठ अक्षरांतून एक अख्खी बोली तयार केली होती, पण मला त्या कॅफेत बसून हे लक्षात आले की आपल्या भाषेतले कितीतरी शब्द त्यांत जसेच्या तसे बसतात. घर बसते, बाबा बसते, मरण बसते, नगर बसते, बघ बसते. अण्णासुद्धा बसते. तेव्हा मी रोज एक पॉइंट खर्चून त्या दफनभूमीत ‘अण्णा, घर’ एवढेच म्हणत असे. ते ऐकायला जवळ कोणी मराठी माणूस नव्हता.

मी तिथे दहा दिवस उभा होतो. दोनदा कोणी येऊन मला गोळ्या घालून गेले आणि दोनदा मी पुन्हा उठून उभा राहिलो. एक माणूस परत आणणे स्वस्त नव्हते, हे मी मान्य करतो. सिरिंज शोधायला नशीब लागे. स्वतः बनवायची तर वीज असलेल्या नेक्रोटेकच्या इमारतीत 20 पॉइंट आणि टोचायला आणखी 10. तीस पॉइंट म्हणजे पंधरा तास. पण अण्णाकडे सिरिंज तयार होती. ती त्याने ऑगस्टमध्येच बनवून ठेवली होती आणि मला दाखवलीही होती. गणपतीच्या त्या दहा दिवसांत तो ढोलपथकात होता, रात्री उशिरा हात सुजवून खोलीवर येई आणि झोपे. मी एकदा विचारले. ‘बघतो’ म्हणाला. दुपारी ऑफिसमधून तो रोज लॉगिन करून बॅरिकेड मात्र वाढवत होता, हे मला गटातल्या दुसऱ्या एकाकडून कळले.

विसर्जनाच्या आदल्या रात्री, दुसऱ्या दिवशी पेठेतले सगळे रस्ते बंद असणार म्हणून मी उशिरापर्यंत कॅफेत थांबलो होतो, आणि तेव्हा मी ब्रेन रॉट घेतले. डॉक्टर म्हणून साठवलेले 100 एक्सपी, म्हणजे अनुभवाचे गुण, त्यात गेले. मला पूर्ण माहीत होते की यानंतर दफनभूमीतली कोणतीही सिरिंज माझ्यावर चालणार नाही. हे कौशल्य गेममध्ये होते ते वेगळ्याच कारणाने: माणसांच्या बाजूचे खेळाडू हल्ला करणाऱ्या झोम्बीला त्याच्या इच्छेविरुद्ध सिरिंज टोचून माणूस करत, त्याला कॉम्बॅट रिव्हाइव्ह म्हणत, आणि मग त्या बिचाऱ्याला पुन्हा झोम्बी होण्यासाठी एखादी उंच इमारत शोधून खिडकीतून उडी मारावी लागे. ज्याला झोम्बीच राहायचे आहे त्याला त्या जबरदस्तीतून सोडवणारे हे कौशल्य होते. मी ते माझ्या कारणासाठी वापरले.

अनंत चतुर्दशीची मिरवणूक संपली त्याच्या दुसऱ्या दिवशी अण्णा सिरिंज घेऊन दफनभूमीत पोचला आणि ती चालली नाही. संध्याकाळी नागनाथ पाराजवळच्या अमृततुल्यात तो मला म्हणाला, ‘दोन दिवस थांबला असतास तर काय बिघडले असते? मी येणारच होतो.’ ढोलाच्या टिपरूने त्याच्या उजव्या हाताच्या अंगठ्याजवळचे कातडे सोलले होते, त्यावर हळद लावलेली होती आणि कप धरताना तो बोट वर ठेवत होता, हे मला स्पष्ट आठवते. त्याचे म्हणणे असे होते की गेममध्ये असे कौशल्य असणेच चूक आहे, रागाच्या भरात माणूस काहीही करतो, म्हणून महिन्याभराने ते आपोआप उतरले पाहिजे. तुमच्या प्रश्नातही नेमकी हीच सूचना आहे. तुम्ही लिहिलेला ‘तीस दिवसांचा विचार करण्याचा काळ’ वाचून मला उत्तर लिहावेसे वाटले, ते यामुळे.

अण्णा तेव्हाही चुकत होता आणि ही सूचना आजही चुकीची आहे. ज्या गेममध्ये मरणसुद्धा परत फिरवता येते, जिथे माणसाचा झोम्बी आणि झोम्बीचा माणूस आठवड्यातून दोनदा होऊ शकतो, तिथे कोणत्याच कृतीला वजन राहत नाही. अर्बन डेडमध्ये वजन असलेली गोष्ट एकच होती, ती म्हणजे ‘मला परत आणू नका’ असे ठामपणे सांगण्याची सोय. ते सांगणे महिन्याभराने आपोआप पुसले जात असते, तर अण्णाने आणखी वीस दिवस ढोल वाजवून मग सिरिंज आणली असती, आणि आपण कोणाला तरी दहा दिवस दफनभूमीत उभे ठेवले होते हे त्याला कधीच जाणवले नसते. दुसऱ्याच्या वाट पाहण्याला किंमत यायची असेल तर वाट पाहणाऱ्याला ती थांबवण्याचा अधिकार हवा, आणि तो अधिकार खराखुरा हवा. डायब्लो 2 या गेममध्ये हार्डकोअर पात्र मेले की मेले. तिथे कोणी महिन्याभराने ते परत मागत नाही, कारण पात्र तयार करतानाच तो करार झालेला असतो.

मात्र एक गोष्ट अर्बन डेडने फार शहाणपणाने केली होती, ती तुम्ही जरूर घ्या. ब्रेन रॉट उतरत नसे, पण ब्रेन रॉट असलेला झोम्बी वीज चालू असलेल्या नेक्रोटेक इमारतीच्या आत असेल तर त्याला सिरिंज लागू पडत असे. म्हणजे कौशल्य कायमचे, पण परत येण्याची वाट पूर्ण बंद नाही. फक्त ती फार महाग. कोणीतरी जनरेटर आणायचा, इंधन आणायचे, तुम्हाला आत येता यावे म्हणून बॅरिकेड स्वतःच्या हाताने उतरवायचे, इतर झोम्बी त्याच वाटेने आत घुसतील हा धोका पत्करायचा आणि मग सिरिंज टोचायची. काही खेळाडू अशी केंद्रे मुद्दाम चालवत. एकट्याने करता येणार नाही अशी ही वाट होती, आणि माझ्या मते या कौशल्याची सगळी खोली तिच्यात आहे. अण्णाला हे ठाऊक होते. बॅरिकेड तर त्याच्याच हातात होते. त्या अमृततुल्यात मी त्याला हे सांगितले, तेव्हा तो म्हणाला की एका माणसासाठी सगळ्यांची इमारत उघडी टाकता येणार नाही. त्याची ती बाजू मी समजू शकतो, पण मग ‘मी येणारच होतो’ असे त्याने म्हणू नये.

पुढची दीडेक वर्षे मी झोम्बी म्हणूनच खेळलो आणि झोम्बींचे माहेर समजल्या जाणाऱ्या रिडलीबँकमध्ये बराच काळ राहिलो. तिथे मला ज्यांची भाषासुद्धा येत नव्हती असे लोक भेटले, आणि कोणी पडले की ते शेजारी उभे राहत. डॉक्टरकी सुटल्याचे दुःख झाले, ते खरे आहे. निर्णयाचा पश्चात्ताप झाला नाही.

आता काही मर्यादा सांगतो, ज्या खरे तर आधी सांगायला हव्या होत्या. अर्बन डेड फुकट खेळता येत होता आणि माझे जे गेले ते फुकट मिळवलेले होते. तुमच्या गेममध्ये कौशल्ये पैसे देऊन विकत घेता येणार असतील तर माझे वरचे सगळे म्हणणे बाजूला ठेवा, कारण पैसे घेऊन माणसाला अडकवणे हा वेगळा प्रकार आहे आणि तो मला मान्य नाही. लहान मुले खेळणार असतील तरीही दहादा विचार करा. शिवाय हे कौशल्य नवख्याच्या हाती पहिल्याच आठवड्यात पडू देऊ नका. दोन्ही बाजूंनी खेळून झालेल्या खेळाडूलाच ते दिसावे. आणि त्याचा परिणाम काय होईल हे बटणाच्या वरच, सरळ मराठीत, पूर्ण वाक्यात लिहा.

हा गेम 14 मार्च 2025 रोजी बंद झाला. ब्रिटनमधल्या ऑनलाइन सेफ्टी कायद्याच्या जबाबदाऱ्या आणि दंडाची जोखीम एकट्याने चालवलेल्या प्रकल्पाला पेलणारी नाही, म्हणून डेव्हिसने तो जवळजवळ वीस वर्षांनी थांबवला. ती बातमी मला अण्णाने फोन करून दिली. तो आता पुण्यात राहत नाही, त्याच्या मुलीची दहावीची परीक्षा चालू होती, आणि तरीही पाच मिनिटांच्या त्या फोनमध्ये तो म्हणालाच, ‘दोन दिवस थांबायला हवे होतेस.’

म्हणून तुमच्या गेमसाठी एक सूचना करतो, जी मला कोणत्याही गेममध्ये आढळलेली नाही. कायमचे कौशल्य घेण्याच्या पानावर, त्या खेळाडूला सिरिंजची वाट पाहत किती दिवस झाले तो आकडा दाखवा, आणि त्याच्या साथीदारांना एका अ‍ॅक्शन पॉइंटमध्ये ‘मी निघालो आहे’ एवढे कळवण्याची सोय द्या. तो निरोप आला असेल तर बटण एक दिवस बंद राहू द्या. आला नसेल तर खेळाडूला दाबू द्या आणि त्यानंतर त्याला कोणीही काही विचारू नये. अण्णाला गेममध्ये अशी सोय नव्हती हे मी मान्य करतो, पण त्याच्याकडे माझा मोबाइल नंबर होता आणि आमच्या कॉट समोरासमोर होत्या.