अमेरिकेत ‘मेरी ख्रिसमस’ म्हणायचं की ‘हॅपी हॉलिडेज’? आणि एवढ्यावरून भांडण कशाला?

तुम्ही न्यू जर्सीत नव्या ऑफिसात रुजू झालाय आणि डिसेंबरात कुणाला काय म्हणायचं, असं विचारताय. त्याचं उत्तर सोपं आहे, शेवटी देते. पण शुभेच्छांवरून इथली माणसं हातघाईवर का येतात, हे मला कळलं ते एका मॉलमध्ये गल्ल्यामागे उभी राहून.

ग्रीन कार्ड आल्यावर पहिल्या हिवाळ्यात मी एका मोठ्या दुकानात हंगामी कॅशियर म्हणून लागले. हंगामी म्हणजे नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग या सणाच्या आधी घ्यायचं आणि नाताळनंतर वस्तू परत करणाऱ्यांची गर्दी ओसरली की जानेवारीत नारळ. पहिल्याच सकाळी सुपरवायझर बाईंनी बजावलं, पावती हातात देताना ‘हॅपी हॉलिडेज’ म्हणायचं, म्हणजे कुठल्याच सणाचं नाव न घेता सणासुदीच्या शुभेच्छा. गिऱ्हाईक दुसरं काही म्हणालं तर तेच उलट म्हणायचं. मी मूळची चिपळूणची, मला यात वाद घालण्यासारखं काय आहे तेच समजेना.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी एक आजी आल्या. झाडाला टांगायचे काचेचे सहा गोळे घेतले होते. मी एकेक गोळा टिश्यू पेपरात गुंडाळून खोक्यात ठेवला, पावती दिली, ठरलेलं वाक्य म्हटलं. आजींनी पिशवीला हातच लावला नाही. “मेरी ख्रिसमस,” त्या म्हणाल्या, बालवाडीतल्या मुलाकडून वदवून घ्यावं तसं, सावकाश. मी लगेच ‘मेरी ख्रिसमस’ म्हटलं. तरी हलेनात. पुढे वाकून हळूच विचारतात, “इथे तुला तसं म्हणू देत नाहीत ना गं?” मागे ही रांग! आवाजात राग नव्हता, कीव होती. मला जणू कुणी तिथे डांबून ठेवलं होतं.

त्याच आठवड्यात किप्पा, म्हणजे ज्यूंची छोटी गोल टोपी, घातलेले एक गृहस्थ मोजे घेऊन गेले. ‘हॅपी हॉलिडेज’वर “तुम्हालाही” म्हणाले, विषय संपला.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच प्रश्न घोळतोय. येशूचं नाव लोक विसरलेत असं वाटत असेल, तर ती तक्रार पाद्रीबुवांकडे न्यावी. तासाच्या बोलीवर काम करणाऱ्या कॅशियरकडे का?

आजींचा तरी काय दोष म्हणा. २००५ च्या सुमारास फॉक्स न्यूज या वृत्तवाहिनीवर ‘ख्रिसमसविरुद्ध युद्ध पुकारलंय’ असा धोशा लागला होता, बिल ओ’रायली हा तिथला सूत्रसंचालक त्यात सगळ्यात पुढे. कॅथलिक लीग नावाच्या संघटनेने वॉलमार्टवर बहिष्काराची हाक दिली, टार्गेट या दुसऱ्या दुकानसाखळीविरुद्ध अमेरिकन फॅमिली असोसिएशन या ख्रिस्ती संघटनेने मोहीम उघडली. मागणी काय? दुकानात आणि जाहिरातींत ‘ख्रिसमस’ हा शब्द दिसला पाहिजे. पुढच्याच वर्षी वॉलमार्टने तो वाजतगाजत परत आणला. म्हणजे सेलच्या पत्रकावर देवाच्या लेकराचं नाव छापून आलं, हा विजय! बुश यांच्यासारख्या श्रद्धाळू ख्रिस्ती अध्यक्षांच्या २००५ च्या कार्डावर ‘हॉलिडे सीझन’ असं होतं, तर त्यांचीच माणसं रुसली. २०१५ मध्ये स्टारबक्सने सणाची नक्षी नसलेला नुसता लाल कप आणला, त्यावरूनही रण माजलं आणि ट्रम्प यांनी बहिष्काराची भाषा केली. आपण निवडून आलो की सगळे पुन्हा ‘मेरी ख्रिसमस’ म्हणतील, हे ते प्रचारसभांतून सांगायचेच.

या भांडणाला एक कुरूप पदरही आहे. मोटारवाल्या हेन्री फोर्डच्या साप्ताहिकात १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला ज्यूंविरुद्ध लेखमाला चालली होती. येशूच्या जन्माचा उल्लेख असलेली ख्रिसमस कार्डं बाजारात सापडत नाहीत, ही रड त्यातही आहे. बोट अर्थात ज्यूंकडे. शंभर वर्षांत ओळ तीच, फक्त बोट फिरत राहिलं.

आणि ज्यांनी ख्रिसमसवर खरोखर बंदी घातली, ते कोण होते माहीत आहे? कट्टर ख्रिस्ती. मॅसॅच्युसेट्समधल्या प्युरिटन लोकांनी १६५९ मध्ये कायदाच केला, ख्रिसमस साजरा करताना सापडलात तर पाच शिलिंग दंड. बायबलमध्ये ही तारीख कुठे दिलेली नाही आणि त्या दिवशी दारू-धिंगाणा फार होतो, हे त्यांचं म्हणणं. तो कायदा १६८१ मध्ये रद्द झाला. ख्रिसमसची सरकारी सुट्टी तर थेट १८७० ची.

त्यानंतर सण वाढला तो मुख्यतः बाजाराच्या खांद्यावर. माझा आवडता किस्सा १९३९ चा. थँक्सगिव्हिंग तेव्हा नोव्हेंबरच्या शेवटच्या गुरुवारी असायचा आणि तो संपल्याशिवाय ख्रिसमसची खरेदी सुरू होत नसे. त्या वर्षी शेवटचा गुरुवार ३० तारखेला आला. व्यापाऱ्यांचे चेहरे पडले, ते अध्यक्ष रूझवेल्टकडे गेले आणि रूझवेल्टनी सण आठवडाभर अलीकडे ओढला! काही राज्यांनी २३ तारीख मानली, काहींनी ३०. नवरा एका राज्यात कामाला आणि बायको दुसऱ्यात, तर सुट्टीच जुळेना. शेवटी १९४१ मध्ये काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, कायदा करून चौथा गुरुवार पक्का केला. दुकानदारांसाठी सणाची तिथी सरकवली, याला मी खरा बाजार म्हणते. (आपण हसायला नको. अक्षय्य तृतीयेला पहिल्या पानावर सराफांच्याच जाहिराती असतात.)

सरकारी जागेचा प्रश्न वेगळा, आणि तो मला खरा वाटतो. कचेरीच्या आवारात येशूजन्माचा देखावा मांडला तर सरकार एका धर्माची बाजू घेतंय का? सुप्रीम कोर्टाने १९८४ मध्ये र्‍होड आयलंडमधल्या पॉटकेट गावाचा देखावा चालवून घेतला, कारण शेजारी सांताची गाडी, रेनडिअर वगैरे होते. १९८९ मध्ये पिट्सबर्गच्या कोर्टाच्या इमारतीतला देखावा एकटाच मांडला होता, तो नापास झाला. वकील मंडळी याला चेष्टेत ‘प्लास्टिकच्या रेनडिअरचा नियम’ म्हणतात. दुकानाला असला काही नियम नाही. दुकानाला सगळ्यांचे पैसे हवे असतात.

हे कसं, ते २६ डिसेंबरला पाहावं. सकाळी दार उघडायच्या आत आम्ही लाल चिठ्ठ्या डकवत होतो, कार्डं, कागद, दिव्यांच्या माळा, सगळं अर्ध्या किमतीत. आणि दिव्यांच्या माळांपुढे पहिल्या रांगेत कोण? आपल्याच बायका, पुढच्या दिवाळीसाठी! एकीने मला ओळखलं आणि मराठीत विचारलं, “पांढऱ्या आहेत का हो आत? हिरव्या-लाल नकोत, नाताळ वाटतो.” माझ्या घराच्या कठड्यावर त्याच माळा दिवाळीला चढतात त्या जानेवारीतच उतरतात. समोरची शेजारीण दर वर्षी म्हणते, तुमचा ख्रिसमस फार लवकर सुरू होतो बुवा.

आता तुमचं काम. ऑफिसच्या मेलमध्ये आणि कार्डावर ‘हॅपी हॉलिडेज’ लिहा. समोरचा ‘मेरी ख्रिसमस’ म्हणाला तर तेच म्हणा, धर्म काही बाटत नाही. कुणी ‘हॅपी हॉलिडेज’ म्हणालं तर त्याला दुरुस्त करू नका. ज्यू सहकारी असेल तर कॅलेंडर बघून मगच ‘हॅपी हनुका’ म्हणा. हनुका म्हणजे त्यांचा दिव्यांचा आणि तळणीचा सण. त्यांच्याकडेही आपल्यासारखे चांद्र महिने आणि मधूनच अधिक महिना असतो, त्यामुळे तो मागे-पुढे सरकत राहतो. २०२४ मध्ये तो नेमका २५ डिसेंबरच्या संध्याकाळी लागला, तर २०१३ मध्ये थँक्सगिव्हिंगलाच येऊन गेला होता. त्या वर्षी मी डिसेंबरच्या मध्यावर एकाला मोठ्या उत्साहात ‘हॅपी हनुका’ म्हटलं. तो म्हणाला, “संपून दहा दिवस झाले, पण तेलकट खाऊन सुटलेलं पोट अजून आहे.”

आणि पोस्टमनला काही द्यावंसं वाटलं तर रोख देऊ नका, त्यांना घेता येत नाही. वीस डॉलरपर्यंतची वस्तू चालते. आमच्याला मी चकल्यांचा डबा देते. तो डबा दर वर्षी धुऊन, पत्रांबरोबर परत ठेवून जातो.