पैसे बुडाले, पण ही फसवणूक आहे का?

प्रश्न : मुळशी तालुक्यात गुंठाभर जागेसाठी ४ लाख रुपये इसार दिला. विसारपावती नोटरी केली. नंतर कळलं, तीच जागा विकणाऱ्यानं वर्षभरापूर्वी दुसऱ्याला विकली होती. पोलीस म्हणतात, हा दिवाणी मामला आहे. काय करू? (वाचक, धायरी)

पोलिसांचं हे म्हणणं मला अजिबात पटत नाही. फसवणुकीच्या गुन्ह्यात पाहायचं ते एवढंच : पैसे घेताना समोरच्याचा हेतू काय होता? जागा आपली राहिलेली नाही हे माहीत असताना त्यानं तुमच्याकडून इसार घेतला, म्हणजे लबाडी पहिल्या दिवसापासूनच होती. व्यवहार १ जुलै २०२४ चा किंवा त्यानंतरचा असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८(४) लागतं. त्याआधीचा असेल तर जुन्या भारतीय दंड संहितेचं ४२०. दोन्हींत सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड.

तुमचं सगळं बळ तारखांत आहे. दुय्यम निबंधक कार्यालयातून आधीच्या खरेदीखताची इंडेक्स टू (नोंदणीचा गोषवारा) काढा. तिच्यावरची तारीख तुमच्या विसारपावतीच्या आधीची असली की हेतूबद्दल फार वाद उरत नाही. बँकेचा उतारा आणि व्यवहार ठरण्याआधीचे व्हॉट्सॅपवरचे निरोप जोडा. पैसे दिल्यानंतरच्या भांडणापेक्षा आधीची आश्वासनं इथे जास्त मोलाची.

ठाण्यात फिर्याद घेतलीच नाही तर तक्रार लेखी पाठवा : ग्रामीण हद्द असेल तर पोलीस अधीक्षकांना, शहर हद्द असेल तर उपायुक्तांना. पोच जपून ठेवा. तरी हालचाल नसेल तर प्रतिज्ञापत्रासह दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. आणि पैशांसाठी दिवाणी दावा वेगळा लावा. खटल्यात शिक्षा झाली तरी रक्कम हातात पडेलच असं नाही, आणि वसुलीच्या दाव्याला साधारण तीन वर्षांचीच मुदत असते.

प्रश्न : मित्राकडून ६ लाख हातउसने घेऊन सिंहगड रोडला खानावळ टाकली. वर्षभर व्याज दिलं, मग धंदा बसला. आता तो ‘चारसोवीस लावतो’ म्हणतो. अटक होईल का? (वाचक, वडगाव बुद्रुक)

धंदा बुडाला म्हणून कुणी ठग ठरत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २००० पासून हे अनेकदा सांगितलंय : सुरुवातीलाच लबाडीचा हेतू हवा, नुसतं वचन मोडणं पुरेसं नाही. वर्षभर भरलेलं व्याज आणि जागेचा भाडेकरार हेच तुमचे पुरावे. गुन्हा अजामीनपात्र असला तरी अटक आपोआप होत नाही. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत बहुधा आधी हजर राहण्याची नोटीस येते. ती आली तर हजर राहाच, टाळाल तर अटकेचं कारण तुम्हीच द्याल. भीती वाटत असेल तर अटकपूर्व जामिनासाठी शिवाजीनगर न्यायालयात अर्ज करा. तुम्ही दिलेला चेक मात्र परत गेला असेल तर तो वेगळा गुन्हा आहे; मागणीची नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत पैसे द्यावे लागतात.

प्रश्न : शेअरच्या नावाखाली एका ग्रुपनं काल दीड लाख उकळले. (वाचक, हडपसर)

आत्ताच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा. रक्कम पुढच्या खात्यांत पळण्याआधी गोठवता आली तरच हाती लागते; ठाण्यातली फिर्याद लगेच त्यामागोमाग.

प्रश्न : आईचे दागिने भावाकडे सांभाळायला दिले, त्यानं ते गहाण टाकले. फसवणूक ना? (वाचक, कोथरूड)

बहुधा नाही. देताना त्यानं तुम्हाला भुलवलं नव्हतं; विश्वासानं हाती आलेली वस्तू त्यानं नंतर परस्पर वापरली. हा विश्वासघात, न्याय संहितेचं कलम ३१६, पाच वर्षांपर्यंत शिक्षा. एकाच घटनेला दोन्ही कलमं एकदम चिकटवू नका, यावर सर्वोच्च न्यायालयानं २०२४ मध्ये कानउघाडणी केली आहे. तक्रारीत कलमं न लिहिता कोणत्या दिवशी कोणता दागिना कशासाठी दिला, एवढंच नेमकं लिहा.