खाल्लं काही नाही, नुसता चहा घेतला

प्रिय बाळ,

सोमवारपासून तू ओपीडीत आहाराचा सल्ला द्यायला एकटी बसणार. परवा फोनवर विचारलंस, "ताई, सोनोग्राफीत फॅटी लिव्हर, म्हणजे यकृतात चरबी, आलेला पेशंट समोर बसला की पहिल्यांदा काय सांगू?" पहिल्या दिवशी फार काही सांगू नकोस. विचार. आणि "जेवणात काय काय असतं?" असं तर विचारूच नकोस. आपल्याकडचा माणूस जेवण म्हटलं की ताट सांगतो: भाकरी, भाजी, आमटी, भात, रविवारी मटण. ते सगळं खरं असतं, पण यकृतात साठलेल्या चरबीचा बराचसा हिशोब त्या ताटाबाहेर राहतो. चहा, खारी, बटर, रस, चिवडा, पाहुण्यांबरोबर घेतलेलं सरबत हे कुणी खाण्यात धरत नाही. म्हणून "काल उठल्यापासून झोपेपर्यंत तोंडात काय काय गेलं?" असं विचार आणि घाई न करता ऐक.

करवीर तालुक्यातले एक गृहस्थ आले होते, पन्नाशीचे. गळ्यात तुळशीची माळ, दरवर्षीची वारी. रिपोर्टात यकृतावर चरबी, ग्रेड दोन, म्हणजे मध्यम. खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले, "म्याडम, दारूच्या थेंबाला शिवलो न्हाई. हिच्या देखत सांगा, ह्यो दारूचा रोग हाय का न्हाई." लिव्हर म्हटल्यावर घरात नि भावकीत कुजबुज सुरू झाली होती. बायको शेजारी मान खाली घालून बसली होती. बाळ, हा प्रसंग तुझ्यासमोर वारंवार येईल. तेव्हा आहाराचं नंतर बोल. दारू न पिणाऱ्यालाही हा आजार होतो, हे घरच्यांच्या समोर स्पष्ट शब्दांत सांग. जुन्या नावातच "नॉन-अल्कोहोलिक" असा शब्द होता. २०२३ साली जगभरच्या यकृततज्ज्ञांनी मिळून नाव बदललं आणि दारूचा उल्लेख काढून चयापचयातल्या बिघाडाचा घातला. मला तो बदल फार मोलाचा वाटतो. त्या माळकऱ्याची मान त्या दिवशी वर झाली, तेव्हा कुठे तो मोकळेपणी बोलायला लागला.

मग कालचा दिवस विचारला. पहाटे उठल्यावर चहा, दूध घालायला गेल्यावर संस्थेच्या दारात चहा, न्याहारीबरोबर चहा आणि दोन बटर, शेतावर, सोसायटीत, दुपारी झोपून उठल्यावर, संध्याकाळी पाहुणे आले म्हणून. सात कप. मी साखरेची बरणी, चमचा आणि छोटा वजनकाटा पुढे ठेवला आणि वहिनींना म्हटलं, घरी घालता तशी घाला. त्यांनी शीग लावून दोन चमचे वाटीत टाकले. काट्यावर तेरा ग्रॅम भरले. बाहेरचा कप लहान असतो हे धरूनही दिवसाची बेरीज सत्तर ग्रॅमच्या वर गेली. अशी वरून घातलेली साखर दिवसाला पंचवीस ग्रॅमच्या आसपास राहिली तर उत्तम, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. वहिनी काट्याकडे बघत राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, "म्हंजे मीच घातलं म्हनायचं ह्यांच्या लिव्हरात." नवऱ्यावरचा आळ उचलून आपण तो बायकोच्या डोक्यावर ठेवतो की काय, याची धास्ती मला त्या दिवसापासून बसली. तू हे फार जपून कर. चहा गोड करणं हे आपल्याकडे माया दाखवणं असतं.

घरात कोण किती गोड खातं हे कुणाला धड सांगता येत नसेल तर सरळ विचार, महिन्याला साखर किती किलो आणता? पाच माणसांत सहा किलो म्हणजे माणशी रोज चाळीस ग्रॅम. हा हिशोब घरातली बाई चटकन करते, तिला वाणसामानाची यादी पाठ असते.

आता याच्या मागचं शास्त्र, कारण पेशंट विचारतील की तेल-तूप सोडून तुम्ही साखरेच्या मागे का लागलाय. साखरेत अर्धा ग्लुकोज, अर्धा फ्रुक्टोज. ग्लुकोज स्नायू, मेंदू, सगळेच वापरतात. फ्रुक्टोजचा मोठा भार यकृतावर पडतो, आणि ते भराभर, जास्त आलं की यकृत त्याची चरबी बनवतं. भात, मैदा, ब्रेड अति झाले आणि अंगाला हालचाल नसली की इन्सुलिन चढं राहतं, तेही याच कामाला जोर देतं. २००५ साली अमेरिकेत मोजक्या रुग्णांच्या यकृतातली चरबी नेमकी कुठून आली याचा माग काढला होता. साधारण साठ टक्के शरीरावरच्या चरबीतून वाहून आलेली, पाव भागाहून किंचित जास्त यकृतानेच नव्याने बनवलेली, आणि थेट जेवणातल्या तेला-तुपाची फक्त पंधरा टक्के. निरोगी माणसात हा "नव्याने बनवलेला" वाटा पाच टक्क्यांच्याही आत असतो. तेल-तूप, डालडा, पामतेलातलं फरसाण मोकळं सुटतं असा याचा अर्थ काढू नकोस. त्यातली संपृक्त चरबीही यकृतावर चढतेच, आणि जास्तीचं काहीही आधी पोटावर नि मग तिथून आत जातं. पण नुसतं "तेलकट बंद" हा सल्ला अपुरा आहे.

हे मी चूक करून शिकले. सुरुवातीच्या वर्षांत एका तरुणाला छापील कागद दिला: तळलेलं बंद, मटण बंद, अंडी बंद, शेंगदाणे बंद. त्याने इमानदारीने सगळं सोडलं. भूक लागली की मग बिस्किटं, भात, डब्यातला फळांचा रस. सहा महिन्यांनी वजन चार किलोंनी वाढलेलं. त्याच्या चेहऱ्यावरचा तो अपराधी भाव मी विसरलेले नाही. अपराध माझा होता. तो कागद तुला कपाटात सापडेल, फाडून टाक.

गुळाचं तुला नीट समजावून घ्यावं लागेल. आपण गुळाच्या गावात राहतो, कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन आहे, त्यात लोह आहे, चव आहे, सगळं खरं. पण यकृताच्या दारात गूळ आणि साखर यांत फारसा फरक नाही, गूळही मुख्यतः तीच साखर. आपल्या माळकरीबुवांनी साखर सोडून गुळाचा चहा सुरू केला, तेही सात कप. तीन महिन्यांनी वजन होतं तिथेच. काकवी, मध, उसाचा रस, सगळ्यांना हाच न्याय. पाव लिटर निर्भेळ रसात तीस ग्रॅमच्या पुढे साखर असते, आणि रंकाळ्याला चार फेऱ्या मारून आलेला माणूस तोच ग्लास घेऊन घरी जातो. अख्खं फळ मात्र खुशाल खाऊ दे. एकादशीचंही विचार. साबुदाणा, बटाटा, वेफर्स खाऊन केलेला उपास यकृताला उपास वाटत नाही.

आणखी एक माणूस खास आपल्या गावचा: तालीम सोडलेला पैलवान. विशी-पंचविशीपर्यंत खासबागेच्या कुस्ती मैदानातल्या मातीचं स्वप्न, हजारभर जोर-बैठका, दूध, तूप, बदाम, थंडाई. मग गुडघा जातो किंवा नोकरी लागते. मेहनत सुटते, खुराक सुटत नाही. स्नायू म्हणजे साखर जिरवायची सगळ्यात मोठी कोठी, ती मागायची थांबली की उरलेलं सगळं यकृताच्या वाट्याला येतं. अशा पोराला आधी मेहनत परत दे. पूर्वीची नको, आठवड्यात पाच दिवस अर्धा-पाऊण तास जोरात चालणं आणि थोडे जोर पुरेत. खुराक कमी करायचं त्यानंतर बोल, नाहीतर तो परत येणार नाही. तालमीतून बाहेर पडलेल्या माणसाच्या मनात आधीच बरंच काही सुटलेलं असतं.

सडपातळ दिसणाऱ्यालाही टेप लाव. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या, बाईची ८० च्या पुढे असेल तर वजनकाटा काही म्हणो. एसजीपीटी, म्हणजे यकृतासाठीची रक्ततपासणी, नॉर्मल आहे म्हणून निर्धास्त राहू नकोस, ते पुष्कळदा नॉर्मलच असतं. मधुमेह असलेले, प्लेटलेट्स कमी आलेले, पायाला सूज किंवा डोळ्यांत पिवळेपणा दिसणारे पेशंट लगेच डॉक्टरांकडे पाठव, तिथे आहाराचा प्रयोग करत बसायचं नाही.

घालायचं काय, याची चिंता करू नकोस, आपल्या घरांत सगळं आहे. ज्वारीची भाकरी, पिठलं, मेथी, अंबाडी, हरभऱ्याची उसळ, ताक, मूठभर शेंगदाणे, अंडं. मिसळ सोड असं कोल्हापुरात कुणाला सांगू नकोस. मटकी वाढवून घ्या, फरसाण चिमूटभर, कटावरची तर्री बाजूला, ब्रेड एक स्लाइस, एवढं म्हण. पांढरा रस्सा रविवारी वाटीभर घेणाऱ्याला रोज सात कपांवर आधी अडव.

वजन पाच टक्क्यांनी उतरलं की यकृतातली चरबी कमी व्हायला लागते, सात ते दहा टक्क्यांनी उतरलं तर सूजही उतरण्याची आशा असते. हळूहळू उतरू दे, उपाशी ठेवून झपाट्याने उतरवलेलं वजन यकृतालाच बाधतं. माळकरीबुवा ७४ किलोंचे होते. चहा दोन कपांवर, अर्धा चमचा साखर, रात्रीचा भात निम्मा, संध्याकाळी बांधावरून चालणं. वर्षाने ६८ झाले, सोनोग्राफीत ग्रेड एक. येताना वहिनींनी घरची ज्वारी आणली होती, माझ्यासाठी.

वजनकाटा आणि चमचा टेबलाच्या डाव्या खणात आहे. काट्याचे सेल संपत आलेत, सोमवारी येताना दोन घेऊन ये. बरणीत साखर भरून ठेवली आहे.

तुझी,
ताई