काळी माशी म्हणजे शुद्ध वाण?

प्रश्न : मधमाश्या काळपट असल्या की त्या त्या भागातल्या मूळ वाणाच्या, असे ऐकले आहे. खरे का? वाण शुद्ध राहावा म्हणून सगळ्या पेट्यांत एकाच चांगल्या राणीच्या लेकी बसवल्या तर चालेल का?

उत्तर : रंगावर जाऊ नका. उत्तर आणि पश्चिम युरोपातली मूळ मेलीफेरा ही मधमाशीची उपजात काळी, तशी मोरोक्को-ट्युनिशियाकडची इंटरमिसा ही उपजातही काळीच. वंशवृक्षात मात्र दोघी वेगळ्या फांद्यांवर. मायटोकॉन्ड्रियाच्या (पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या भागांच्या) डीएनएवरून घराणे कळते, पण फक्त आईकडचे. राणी साधारण १० ते २० नरांशी मीलन करते, त्या बापांचा त्यात मागमूस नसतो. म्हणून पेशीकेंद्रातला डीएनएही तपासावा लागतो.

आणि एकाच राणीच्या लेकी सगळीकडे? कृपा करून नको. मी हे करून बसले आहे. राणी इतकी गुणी होती की मला दुसरी नकोशीच वाटली. दोन पिढ्या छान गेल्या. तिसऱ्या पिढीत एक चौकट उचलली तर पिलांच्या बंद घरांच्या मधेमधे रिकामी घरे, जणू चाळणीच. आधी रोगाची शंका आली. पण राणी तरुण होती, दर घरात एकेक अंडे नीट उभे होते. अंडी फुटायला तीन दिवस लागतात. चौथ्या-पाचव्या दिवशी पुन्हा पाहिले, तर कित्येक घरांतल्या अळ्या नाहीशा.

कारण लिंग ठरवणाऱ्या जनुकात आहे. फलित अंड्यात त्याची दोन वेगवेगळी रूपे आली तर मादी होते. दोन्ही सारखी आली तर द्विगुणित (जनुकांचे दोन संच असलेला) नर होतो, आणि कामकरी माश्या ती अळी फुटल्या फुटल्या खाऊन टाकतात. नात्यातल्या नरांशी मीलन झाले की अशा जोड्या वाढतात. वसाहत डोळ्यांदेखत खंगत जाते.

मी त्याच परिसरातल्या, पण वेगवेगळ्या वंशांच्या राण्या मिळवल्या, तेव्हा चौकटी पुन्हा भरल्या. अनेक बापांच्या लेकींचा आणखी एक फायदा : पंख हलवून हवा खेळवायला प्रत्येक बापाची कुळी जराशा वेगळ्या तापमानाला सुरुवात करते, त्यामुळे अळ्यांभोवतीची ३४-३५ अंशांची ऊब स्थिर राहते. तेव्हा वाण स्थानिकच ठेवा, पण राण्या किमान चार-पाच वेगळ्या वंशांच्या घ्या, आणि कुठली राणी कुणाची लेक हे पेटीवर लिहून ठेवा.