'कूल रिस्पॉन्स' म्हणजे चांगला की वाईट?

प्रश्न असा आहे: 'प्रस्तावाला कूल रिस्पॉन्स मिळाला' असं बातमीत वाचलं. कूल म्हणजे मस्त, मग तो प्रस्ताव बारगळला कसा?

इथला कूल मस्त नव्हे, थंडा. मराठीत 'थंडा प्रतिसाद' म्हणतो ना, नेमका तोच. पण संकटात कुणी 'कूल' राहिलं, तर ती शाबासकी असते. इंग्रजीत भावनेला उष्णता मानलं जातं आणि कूल म्हणजे ती कमी असणं. त्या ठिकाणी उष्णता हवी होती की नको होती, यावर शब्दाची बाजू ठरते. स्वागतात, मैत्रीत ऊब हवी असते, म्हणून तिथे कूल खटकतो. भांडणात डोकं तापायला नको, तिथे तोच गुण ठरतो. 'डोकं थंड ठेव' आणि 'तो थंडपणे वागला' ही वाक्यं शेजारी ठेवून पाहा.

तरुणांच्या तोंडचा कूल या गुणाच्या बाजूने आला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या बोलीत, विशेषतः जॅझ वादकांत तो रुळला. सॅक्सोफोनवादक लेस्टर यंग यांना तो पसरवण्याचं श्रेय बरेचदा दिलं जातं. वर्णभेदाच्या त्या काळात, समोरच्याने कितीही डिवचलं तरी तोल ढळू न देण्यात मोठा स्वाभिमान होता. पुढे झिजत झिजत त्याचा अर्थ नुसता 'छान' झाला. 'आय अ‍ॅम कूल विथ दॅट'मध्ये तर 'माझी हरकत नाही' एवढंच उरलं. मला तो जुना, ताठ मानेचा अर्थ फार मोलाचा वाटतो.

माणसाच्या स्वभावाला 'कोल्ड' म्हटलं, तर ती सहसा निंदाच. 'चिल' मात्र फसवा. मित्र 'चिल' म्हणाला तर निवांत हो. पण 'चिलिंग' घटना अंगावर काटा आणते.

राहिला 'अ कूल मिलियन'. हा वरच्या नियमात बसत नाही. रकमेला कूल जोडायची पद्धत अठराव्या शतकापासूनची. आपल्या 'तब्बल'सारखा तो नुसता जोर देतो. डिकन्सच्या 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स' या कादंबरीत ज्यो हा लोहार 4,000 पौंडांना मोठ्या चवीने 'कूल' म्हणत राहतो. त्या रकमेला हे तापमान कुणी चिकटवलं, हे गोष्ट सांगणाऱ्या नायकाला, पिपला, कधीच कळत नाही.